जायफळाच्या बेटांतील न्यायासन

सणावारीं श्रीखंडांत किंवा बासुंदींत किसून घातलें जाणारें जायफळ मराठी स्वयंपाकघरास नवें नाहीं. परंतु हेंच फळ आपल्या राष्ट्रीय निशाणावर मिरविणारा एक स्वतंत्र देश पृथ्वीच्या पाठीवर आहे, हें फार थोड्यांच्या ध्यानांत असेल. त्या देशाचें नांव ग्रेनेडा. नांवाचीं अक्षरें पाहिलीं तर स्पेनमधील प्रसिद्ध ग्रानाडा शहराचीच आठवण व्हावी. परंतु तेथील रहिवासी ‘ग्रेनेडा’ असाच उच्चार करतात, आणि ज्यानें त्यानें आपलें नांव जसें उच्चारावें तसेंच इतरांनीं तें उच्चारणें रास्त. कॅरिबियन समुद्राच्या दक्षिण भागांत असलेलें हें बेट आणि त्याच्या उत्तरेस कॅरियाकू व पेटिट मार्टिनिक हीं दोन चिमुकलीं बेटें, एवढाच हा देश. एकंदर क्षेत्रफळ ३४४ चौरस किलोमीटर; म्हणजे मुंबई शहर व उपनगरें मिळून जेवढा विस्तार होतो त्याच्या निम्म्याहून थोडा अधिक. लोकसंख्या एका लाखाहून थोडीशीच जास्त.

एवढ्याशा देशाच्या राज्यकारभाराविषयीं आणि कायद्याविषयीं सांगण्यासारखें तें काय असणार, अशी शंका येणें साहजिक आहे. परंतु राज्यघटनाच बाजूस सारली गेली तर न्यायाधीश कोणत्या अधिकारानें न्यायासनावर बसतो, हा जो प्रश्न राज्यशास्त्राच्या जाड ग्रंथांत बहुधा केवळ कल्पनेनें मांडलेला असतो, तो या बेटावर खरोखरीच उभा राहिला; आणि त्याच्या उत्तराशीं कित्येक माणसांचे प्राण गुंतलेले होते. म्हणून ही हकीकत मुळापासून समजून घेणें बरें.

ग्रेनेडावर प्रथम फ्रेंचांनीं वसाहत केली. १७६३ च्या पॅरिसच्या तहानें तें इंग्रजांकडे आलें, १७७९ सालीं फ्रेंचांनीं पुनः घेतलें, आणि १७८३ सालीं तें इंग्रजांकडे परत गेलें. गुलामांच्या श्रमांवर उभे असलेले उंसाचे मळे, १८३४ सालीं कायद्यानें झालेलें गुलामगिरीचें उच्चाटन, आणि नंतर मजुरांची उणीव भरून काढण्यासाठीं हिंदुस्थानांतून करारानें नेलेले मजूर, हा क्रम त्या भागांतील इतर बेटांसारखाच. पहिलें हिंदी मजुरांचें जहाज तेथें १८५७ सालीं लागलें. १८७७ सालीं बेट थेट ब्रिटिश राजसत्तेच्या अमलाखालीं गेलें. सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांस मताचा अधिकार मिळाला तो १९५१ सालीं. १९६७ सालीं अंतर्गत स्वराज्य, आणि ७ फेब्रुवारी १९७४ रोजीं पूर्ण स्वातंत्र्य.

या स्वातंत्र्याचा पाया असलेली राज्यघटना कोणत्याहि घटना-समितींत बसून लिहिली गेली नाहीं. ब्रिटिश राणीनें आपल्या मंत्रणा-सभेंत १९७३ सालीं काढलेल्या एका हुकुमाला ती परिशिष्ट म्हणून जोडलेली आहे. आपल्याकडे घटना-समितीनें जवळजवळ तीन वर्षें खपून प्रत्येक कलमाचा कीस काढला. तिकडे राष्ट्राचा मूलभूत कायदा लंडनच्या एका हुकुमाची पुरवणी होऊन आला. तरी त्या दस्तऐवजांत नागरिकांचे मूलभूत हक्क आहेत, आणि घटना हाच देशाचा सर्वश्रेष्ठ कायदा होय असें स्पष्ट कलमहि आहे.

राज्याचा प्रमुख ब्रिटनचा राजा किंवा राणी. प्रत्यक्षांत त्यांचा प्रतिनिधि गव्हर्नर-जनरल. कायदेमंडळ दोन सभांचें. कनिष्ठ सभेंत लोकांनीं निवडलेले १५ सभासद असतात, म्हणजे एका मतदारसंघांत सारी मिळून सात-आठ हजार माणसें. आपल्याकडील एखाद्या नगरपालिकेच्या प्रभागाएवढाच हा विस्तार. मुख्य प्रधान मतदारांस रस्त्यांत नांवानें हांक मारतो आणि मतदारहि त्याला रस्त्यांतच जाब विचारूं शकतात. वरिष्ठ सभेंत १३ सभासद, व ते सर्व नेमलेले. सात मुख्य प्रधानाच्या सल्ल्यानें, तीन विरोधी पक्षाच्या नेत्याच्या सल्ल्यानें, आणि उरलेले तीन समाजांतील निरनिराळ्या हितसंबंधांशीं विचारविनिमय करून पुनः मुख्य प्रधानाच्याच सल्ल्यानें.

ही रचना कागदावर चोख दिसते, परंतु लहान देशांत तिची गंमत होते. १९९९, २०१३ व २०१८ या तीन निवडणुकांत एकाच पक्षानें पंधराच्या पंधरा जागा जिंकल्या. मग विरोधी पक्षाचा नेता आणावयाचा कोठून? मतें तर विरोधी पक्षासहि हजारोंनीं पडलेलीं. परंतु ज्याला अधिक मतें तो विजयी, या इंग्रजी पद्धतींत त्यांस एकहि जागा मिळालेली नाहीं. सरकारपुढें प्रश्न विचारण्यास निवडून आलेलें कोणीच नाहीं अशा सभेस कायदेमंडळ म्हणावें कीं पक्षाची बैठक म्हणावें, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. २०२२ सालीं पारडें फिरलें, आणि नऊ विरुद्ध सहा अशी सभा अस्तित्वांत आली. कॅरियाकू व पेटिट मार्टिनिक यांच्यासाठीं स्वतंत्र मंडळ असावें असें घटनेंत स्वच्छ लिहिलें आहे. तें कलम अनेक दशकें कागदावरच राहिलें.

आतां न्यायव्यवस्थेकडे वळूं. एका लाख वस्तीच्या देशास स्वतःचें श्रेष्ठ न्यायालय पोसणें परवडत नाहीं, आणि परवडलें तरी जेथें प्रत्येक जण प्रत्येकाचा आप्त, शेजारी किंवा शाळासोबती, तेथें निःपक्षपाती न्यायाधीश शोधणें कठीण. यावर त्या भागांतील बेटांनीं १९६७ सालीं एक मोठी शहाणपणाची तोड काढली. सर्वांनीं मिळून एकच सर्वोच्च न्यायालय स्थापिलें. आज सहा स्वतंत्र राष्ट्रें आणि तीन ब्रिटिश प्रदेश यांचें तें सामाईक न्यायालय आहे. मुख्य ठाणें सेंट लुसिया बेटांतील कॅस्ट्रीज येथें. आणि अपील ऐकणारे न्यायाधीश बेटामागून बेट फिरत कामें चालवितात. या न्यायालयावरचें अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे.

प्रिव्ही कौन्सिल हें नांव महाराष्ट्रांतील जुन्या पिढीस सांगावें लागत नसे. मुंबईच्या हायकोर्टावरचीं अपिलें १९४९ पर्यंत तेथेंच जात. ताईमहाराज प्रकरणांत लोकमान्य टिळकांस अखेरचा न्याय मिळाला तो १९१५ सालीं याच कौन्सिलाकडून. आपला तो मार्ग स्वराज्याबरोबर बंद झाला. ग्रेनेडाचा मात्र स्वातंत्र्यानंतरहि चालू राहिला, मग बंद झाला, आणि पुनः उघडला. हें कसें घडलें तीच खरी कथा.

स्वतंत्र ग्रेनेडाचे पहिले मुख्य प्रधान सर एरिक गेरी. मळ्यांवरील मजुरांचे पुढारी म्हणून १९५१ च्या संपानें ते पुढें आले होते, आणि गरीब मजुराच्या मजुरींत त्यांनीं वाढ करून दिली हें त्यांचे शत्रूहि नाकारीत नाहींत. परंतु सत्ता हातीं आल्यावर विरोधकांस धाक घालण्यासाठीं त्यांनीं एक खासगी दंडेलांची टोळी बाळगली. लोक तिला ‘मुंगुसांची टोळी’ म्हणत. लंडनला बॅरिस्टर होऊन आलेले तरुण मॉरिस बिशप हे विरोधकांचे अग्रणी. त्यांचे वडील रूपर्ट बिशप १९७४ च्या जानेवारींत, स्वातंत्र्याच्या ऐन तोंडावर झालेल्या दंगलींत पोलिसांच्या गोळीस बळी पडले. १३ मार्च १९७९ रोजीं गेरी परदेशीं असतां बिशप यांच्या ‘न्यू ज्युएल’ पक्षानें सैन्याची छावणी व नभोवाणी केंद्र ताब्यांत घेतलें, आणि फारसा रक्तपात न होतां सरकार उलथून पडलें. बहुसंख्य लोकांनीं त्या दिवशीं आनंद केला, हें मान्य केलें पाहिजे.

पुढें जें झालें तें कायद्याच्या अभ्यासकास विशेष पाहण्यासारखें आहे. क्रांति-सरकारनें ‘लोक-कायदे’ या नांवानें हुकूम काढण्यास आरंभ केला. पहिल्याच हुकुमानें राज्यघटना स्थगित झाली. राणी मात्र राज्याची प्रमुख राहिली, आणि गव्हर्नर-जनरल सर पॉल स्कून हेहि आपल्या वाड्यांत राहिले. समाजवादी क्रांतीच्या डोक्यावर ब्रिटिश मुकुट! राणीला ठेवण्यांत मोठें तत्त्व नसावें. परकी राष्ट्रांची मान्यता टिकवावयाची, एवढाच हिशेब दिसतो. सामाईक सर्वोच्च न्यायालयाशीं असलेला संबंध मात्र तोडण्यांत आला आणि ‘ग्रेनेडाचें सर्वोच्च न्यायालय’ म्हणून नवें न्यायालय स्थापन झालें. प्रिव्ही कौन्सिलकडे जाणारीं अपिलेंहि त्याच वर्षीं बंद झालीं. शाळा, दवाखाने, प्रौढांचें शिक्षण यांत सरकारनें चांगलें काम केलें. परंतु निवडणूक घेतली नाहीं, विरोधी वर्तमानपत्रें बंद केलीं, आणि खटला न भरतां अनेकांस तुरुंगांत ठेवलें. ज्यांनीं स्वतः गेरींच्या दंडेलीचे घाव सोसले होते त्यांनींच हें करावें, याचें वाईट वाटतें.

१९८३ च्या ऑक्टोबरांत पक्षांत फूट पडली. उपमुख्य प्रधान बर्नार्ड कोर्ड यांच्या गटानें बिशप यांस त्यांच्याच घरांत कैद केलें. १९ ऑक्टोबर रोजीं हजारों लोकांनीं जाऊन त्यांस सोडविलें व सर्व जमाव राजधानींतील किल्ल्यावर गेला. हा किल्ला त्या वेळीं बिशप यांच्या वडिलांच्याच नांवानें, रूपर्ट किल्ला म्हणून, ओळखला जात असे. थोड्याच वेळांत चिलखती गाड्या आल्या, गोळीबार झाला, माणसें तटावरून उड्या टाकूं लागलीं. बिशप, शिक्षणमंत्री जॅकलीन क्रेफ्ट आणि आणखी सहा जण यांना भिंतीपाशीं उभे करून गोळ्या घालण्यांत आल्या. बिशप यांचा देह पुढें कधींच सांपडला नाहीं. सैनिकी मंडळानें सत्ता घेतली, आणि रात्रंदिवस संचारबंदी पुकारली. २५ ऑक्टोबर रोजीं अमेरिकेचें सैन्य व त्याबरोबर कांहीं शेजारी बेटांच्या तुकड्या बेटावर उतरल्या. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें २ नोव्हेंबर रोजीं १०८ विरुद्ध ९ मतांनीं या चढाईचा निषेध केला.

आतां राज्य कोणाचें? घटना स्थगित, क्रांति-सरकार नष्ट, सैनिकी मंडळ कैदेंत. अधिकाराचा एकच बारीक धागा शिल्लक होता, आणि तो म्हणजे ज्यांना केवळ शोभेसाठीं ठेवलें होतें ते सर पॉल स्कून. हे गृहस्थ मूळचे शाळामास्तर; वर्ग सांभाळण्याची संवय त्यांस त्या दिवसांत उपयोगीं पडली असावी. आपण बाहेरून मदत मागितली असें त्यांचें पत्र २४ ऑक्टोबर या तारखेचें आहे, आणि तें खरोखर केव्हां लिहिलें गेलें यावर अद्यापि वाद चालतो. तें कसेंहि असो. त्यांनीं जाहीरनामे काढले, एक तात्पुरतें सल्लागार मंडळ नेमलें, आणि १९८४ च्या अखेरीस घटना पुनः अमलांत आणून ३ डिसेंबर रोजीं निवडणूक घेतली. हर्बर्ट ब्लेझ मुख्य प्रधान झाले. घटनेचीं सर्व कलमें परत आलीं, फक्त न्यायालयांचीं तेवढीं आलीं नाहींत. क्रांतीनें स्थापिलेलें न्यायालयच चालू ठेवण्यांत आलें, कारण बिशप यांच्या खुनाचा खटला त्याच्यापुढें होता.

आणि येथेंच ती विलक्षण गांठ पडली. आरोपींमध्यें कोर्ड व त्यांचे सहकारी, म्हणजे हें न्यायालय निर्माण करणाऱ्या सरकारांतील प्रमुख माणसें होतीं. आणि त्यांचाच आक्षेप असा कीं हें न्यायालय बेकायदेशीर आहे. घटनेप्रमाणें आमचा न्याय करण्याचा अधिकार त्या जुन्या सामाईक न्यायालयास. हें न्यायालय क्रांतीच्या हुकुमानें जन्मलें, घटना परत आली तेव्हांच त्याचा जीव गेला. ऐकणाऱ्यास प्रथम हसूं येतें. परंतु आक्षेप करणारा कोण यावरून आक्षेप खोटा ठरत नाहीं. ज्याच्या गळ्याभोंवतीं दोर आहे त्याला आपल्या न्यायाधीशाचा अधिकार विचारण्याचा हक्क नसेल, तर मग तो हक्क आहे कोणाला?

आरोपी लंडनलाहि गेले. प्रिव्ही कौन्सिलनें १९८५ सालीं सांगितलें कीं, तुमच्याकडचीं अपिलें ऐकण्याचा आम्हांला अधिकार उरलेला नाहीं. क्रांति-सरकारच्या हुकुमानें तीं बंद झालीं आहेत, आणि नव्या पार्लमेंटनें कायदा करून तो हुकूम कायम केला आहे. आपण लावलेली कडी आपल्यालाच आडवी यावी ती अशी.

बेटांतील अपील न्यायालयाचे अध्यक्ष न्यायमूर्ति हेन्स यांनीं मुख्य आक्षेपाचा विचार केला, आणि त्यांचा निवाडा राष्ट्रकुलांतील वकील आजहि वाचतात. क्रांति यशस्वी झाली एवढ्यानेंच तिचें सरकार कायदेशीर ठरत नाहीं, असें त्यांनीं प्रतिपादिलें. सत्ता स्थिर झालेली पाहिजे. लोक तिची आज्ञा पाळीत असले पाहिजेत. ती आज्ञा ते भीतीनें नव्हे, तर मनापासूनच्या संमतीनें पाळीत असले पाहिजेत. आणि राज्य जुलमी व लोकशाहीविरोधी असतां कामा नये. यांपैकीं तिसरी कसोटी फार मोलाची आहे. पूर्वींचे कित्येक न्यायाधीश ‘सत्ता चालते आहे ना, मग ती कायदेशीर’ एवढेंच पाहून थांबत. हेन्स यांनीं प्रजेच्या मनांत डोकावण्याचा आग्रह धरला.

मग प्रस्तुत न्यायालयाचें काय? त्याला हेन्स यांनीं ‘आवश्यकते’च्या तत्त्वावर तारलें. देशांत दुसरें न्यायालयच नाहीं. हें रद्द केलें तर खुनी, कर्जदार, वारस, घटस्फोट मागणारी स्त्री, कोणासच दाद मिळणार नाहीं. गव्हर्नर-जनरलनीं तें चालू ठेवलें तें अन्य मार्ग नव्हता म्हणून. परंतु गरज संपली कीं हा आधारहि संपतो; म्हणून सरकारनें घटनेंतील न्यायालयें शक्य तितक्या लौकर परत आणावींत, असेंहि त्यांनीं बजाविलें. पूर आल्यावर बांधलेल्या लाकडी साकवावरून माणसें जातात, त्याचा कोणी कायमचा पूल करीत नाहीं.

खटला न्यायमूर्ति डेनिस बायरन यांच्यापुढें ज्यूरीच्या साह्यानें चालला. आरोपींनीं आपले वकील काढून घेतले व कामकाजावर बहिष्कार घातला. ४ डिसेंबर १९८६ रोजीं निकाल लागला. चौदा जणांस फांशी, तिघांस मनुष्यवधाबद्दल दीर्घ कारावास, एकाची सुटका. ज्यूरीची निवड आणि एकंदर सुनावणी न्याय्य रीतीनें झाली काय, याविषयीं ॲम्नेस्टी या जागतिक संस्थेनें पुढें २००३ सालीं गंभीर शंका प्रगट केल्या. अपील १९९१ सालीं फेटाळलें गेलें. परंतु त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें फांशीच्या शिक्षा कमी करून जन्मठेप देण्यांत आली. आणि हें प्रकरण संपल्यानंतरच ग्रेनेडा पुनः सामाईक न्यायालयांत सामील झालें व प्रिव्ही कौन्सिलचा दरवाजाहि उघडला. तात्पुरता साकव हेन्स यांच्या इशाऱ्यानंतर सहा वर्षें वापरांत राहिला! लोकक्षोभाच्या भयानें सरकारें असें वागतात हें समजूं शकतें. समर्थन करणें मात्र कठीण.

दरवाजा उघडल्यावर कैदी पुनः लंडनला गेले. मधल्या काळांत, २००२ सालीं, प्रिव्ही कौन्सिलनें दुसऱ्या बेटांच्या खटल्यांत ठरविलें होतें कीं, खुनाला फांशीच दिली पाहिजे, न्यायाधीशास दुसरा विचार करण्याची मोकळीकच नाहीं, असा कायदा घटनेंतील हक्कांच्या विरुद्ध आहे. मग १९८६ ची शिक्षाहि टिकत नाहीं, आणि मुळांतच नसलेली शिक्षा कमी करून जन्मठेप तरी कशी देतां येईल? ७ फेब्रुवारी २००७ रोजीं, योगायोगानें ग्रेनेडाच्या स्वातंत्र्यदिनींच, कौन्सिलनें आज्ञा केली कीं न्यायाधीशानें या तेरा जणांच्या शिक्षेचा नव्यानें विचार करावा. या प्रश्नावर भावना इतक्या तीव्र आहेत कीं बेटांतील कोणत्याहि सरकारकडून तटस्थ दृष्टीची अपेक्षा करतां येत नाहीं, हें कारणहि त्यांनीं नमूद केलें. त्याच वर्षीं तिघे सुटले. कोर्ड यांच्यासह शेवटचे सात ५ सप्टेंबर २००९ रोजीं तुरुंगाबाहेर आले. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत बेटाच्या विमानतळास मॉरिस बिशप यांचें नांव देण्यांत आलें होतें. किल्ल्याचें नांव मात्र पूर्वींप्रमाणें जॉर्ज किल्ला असेंच आहे.

लंडनचें न्यायासन आपल्या घरीं आणावें अशी चळवळ त्या भागांत बरेच दिवस चालू आहे. त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेन शहरीं २००५ सालीं ‘कॅरिबियन न्यायालय’ सुरूं झालें. बार्बेडोस, गयाना, बेलिझ, डॉमिनिका व २०२३ पासून सेंट लुसिया यांनीं तें आपलें अखेरचें न्यायालय म्हणून स्वीकारलें. बिशप-खटला चालविणारे तेच न्यायमूर्ति बायरन पुढें या न्यायालयाचे अध्यक्ष झाले. ग्रेनेडांत मात्र असा बदल करावयाचा तर कायदेमंडळाखेरीज लोकमताचाहि कौल लागतो, आणि पडलेल्या मतांपैकीं दोन-तृतीयांश मतें अनुकूल असावीं लागतात. २४ नोव्हेंबर २०१६ रोजीं घटनादुरुस्तीचीं सात विधेयकें लोकांपुढें आलीं. सुमारें एक-तृतीयांश मतदारांनींच मत दिलें, व सातहि विधेयकें पडलीं. ६ नोव्हेंबर २०१८ रोजीं एकट्या न्यायालयाचा प्रश्न पुनः विचारला गेला. त्या वेळीं दोन-तृतीयांश तर राहोच, निम्मीं मतेंहि मिळालीं नाहींत. शेंकडा ५५ च्या सुमारास मतें विरुद्ध पडलीं. ज्या पक्षानें आठ महिन्यांपूर्वीं पंधराच्या पंधरा जागा जिंकल्या होत्या, त्याच्याच सरकारचा हा प्रस्ताव होता.